लघवी का थांबली, हे आधी विचारा



गेल्या खेपेस आपण मधुमेह असलेल्या माणसाने पायांची काळजी कशी घ्यावी ते पाहिले. आजचा विषय घरातल्या वडीलधाऱ्यांचा आहे. साठी-सत्तरी ओलांडलेली आई, वडील, सासूबाई किंवा आजोबा आजारी पडतात. दवाखान्यात रक्त तपासले जाते आणि "किडनीवर परिणाम झालाय" हे शब्द कानी पडतात. ते ऐकले की घरच्यांचे हातपाय गळतात. आता डायलिसिस, आता हजारोंचा खर्च, आणि एवढे करून माणूस हाती लागणार नाहीच, असे विचार मनात येतात. शेजारपाजारचे कुणी म्हणते, "वय झालंय, आता हाल कशाला करता? घरी न्या." आणि पुष्कळदा माणूस घरी नेला जातो.

म्हणून एक गोष्ट आधी समजून घेऊ. मूत्रपिंड म्हणजेच किडनी वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होणे हा एक आजार आहे. ती चार-आठ दिवसांत अचानक काम थांबवते, तो दुसरा आजार. पहिल्या आजारात गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. दुसऱ्यात मात्र मूत्रपिंड पुष्कळदा पुन्हा कामाला लागते. त्यासाठी ते का थांबले याचे कारण वेळेवर सापडले पाहिजे. त्या कारणाचा निम्मा पत्ता डॉक्टरांच्या यंत्रांत असतो आणि निम्मा घरच्या माणसांजवळ असतो.

मूत्रपिंडांचे काम

आपल्या पाठीच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या भागात मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त त्यांच्यातून वाहते. प्रत्येकात लाखो बारीक चाळण्या आहेत. दिवसभरात या चाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले बहुतेक सगळे शरीरात परत घेतले जाते आणि दीडेक लिटर लघवीवाटे बाहेर पडते. त्याबरोबर शरीरातला कचरा जातो, जास्तीचे मीठ जाते आणि पोटॅशियम नावाचा क्षार जातो. हा क्षार रक्तात फार वाढला तर हृदय बंद पडू शकते. म्हणून लघवी थांबणे ही साधी गोष्ट नाही.

रक्तातले क्रिएटिनिन मोजून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज घेतात. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१२ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, किंवा सात दिवसांच्या आत पूर्वीच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवी फारच कमी झाली, तर मूत्रपिंडाला अचानक इजा झाली असे समजावे. फारच कमी म्हणजे किती? पन्नास किलो वजनाच्या माणसाची सहा तासांत दीडशे मिलिलिटरपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या कपापेक्षा, कमी लघवी.

इथे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एक फसवणूक होते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. वाळलेल्या, हडकलेल्या आजीच्या अंगात स्नायूच थोडे, म्हणून तिचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते. समजा वर्षापूर्वी ते ०.६ होते आणि आज १.१ आले. कागदावर १.१ हा आकडा 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतो, पण आजीच्या हिशेबाने तो जवळजवळ दुप्पट झालेला आहे. म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका. आजचा आकडा चांगला की वाईट, हे बऱ्याचदा कालच्या आकड्याशेजारी ठेवल्यावरच कळते.

टाकी, चाळणी आणि मोरी

नळाला पाणी येत नसेल, भांडी घासायची खोळंबली असतील, तर आपण काय पाहतो? टाकीत पाणी आहे का? मध्येच काही बिघडले आहे का? आणि मोरी तुंबली आहे का? डॉक्टरही मूत्रपिंडाबाबत हेच तीन प्रश्न विचारतात. रक्तच कमी पोहोचते आहे का? मूत्रपिंडाच्या आतच बिघाड आहे का? की लघवी तयार होते, पण बाहेर पडायची वाट अडली आहे?

हे तीन प्रश्न विचारावेच लागतात, कारण तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. एकाला पाणी आणि सलाईन द्यायचे असते. दुसऱ्याचे पाणी मोजूनमापून द्यावे लागते. तिसऱ्याला लघवीची नळी घालताच आराम पडतो. कारण न पाहता सगळ्यांना एकच उपाय केला, तर एकाचे औषध दुसऱ्याचा घात करते. कोरड्या पडलेल्या माणसाला 'लघवी होण्याचे इंजेक्शन' दिले तर तो आणखी कोरडा पडतो. ज्याचे हृदय अशक्त आहे, पाय सुजले आहेत, त्याला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात साठून दम लागतो.

पहिला प्रश्न : रक्त कमी पोहोचते का?

जुलाब, उलट्या, ताप, उन्हाचा तडाखा, रक्तस्राव, अन्नपाणी तुटणे, या सर्वांत अंगातले पाणी कमी होते. तरुण माणूस तहान लागली की घटाघटा पाणी पितो. वय वाढले की तहानेची जाणीवच मंदावते. अंगात पाणी कमी असूनही आजोबा "नको, तहान नाही" म्हणतात, आणि ते खरेच बोलत असतात.

आपल्या वस्त्यांत याला आणखी एक कारण आहे आणि ते कोणत्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही. संडास दूर आहे, रात्री दिवा नाही, पायऱ्या ओल्या आहेत, रांग आहे. म्हणून कितीतरी म्हाताऱ्या बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री दोनदा उठून सार्वजनिक संडासात जाणे म्हणजे शिक्षाच. ती पाणी तोडते, पण कुणाला सांगत नाही. अशात दोन दिवस जुलाब झाले की तिची मूत्रपिंडे कोरडी पडतात. घरात झाकणाचे भांडे किंवा बेडपॅन ठेवले, रात्री उठताना कुणी सोबत गेले, तर हे टळू शकते. यात लाजण्यासारखे काहीच नाही.

कधी अंगात पाणी पुष्कळ असते, पण हृदय अशक्त झाल्याने रक्त जोराने पुढे ढकलले जात नाही. पाय सुजलेले, आडवे झाले की दम लागतो, आणि लघवी कमी. अशा माणसाला जास्त पाणी पाजू नये. त्याला हृदयाचे उपचार हवेत.

दुसरा प्रश्न : आतच बिघाड आहे का?

मूत्रपिंड फार वेळ कोरडे राहिले तर आतल्या नलिकाच इजा पावतात. मग सलाईन दिल्यावरही लघवी लगेच सुरू होत नाही. म्हणून पहिल्या दिवसाला फार किंमत आहे.

अंगात पसरलेला जंतुसंसर्ग हे दुसरे मोठे कारण. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, मधुमेहाची चिघळलेली जखम यांतून तो सुरू होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल किंवा पिवळे होणे, ही लेप्टोस्पायरोसिसची खूण असू शकते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. हा रोग आणि मलेरिया, दोन्ही मूत्रपिंडावर घाला घालतात. गावाकडे घोणस किंवा फुरसे चावल्यानेही लघवी बंद होते.

म्हातारे माणूस रात्री घसरून पडले आणि सकाळपर्यंत कुणाला कळले नाही, तर केवळ हाड मोडले का एवढेच पाहू नका. बराच वेळ एका कुशीवर दाबले गेलेले स्नायू आतून फुटतात, त्यांतला लाल पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतो. लघवी काळ्या चहासारखी होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून मरत. डॉक्टर बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ साली हे नोंदवले. आज आपल्या घरात इमारत पडण्याची गरज नाही, मोरीत घसरून तासन्तास पडून राहणे पुरते. 'किती वेळ पडून होते' हे डॉक्टरांना जरूर सांगा.

सतत कंबर-पाठ दुखते, अंगात रक्त कमी आहे आणि मूत्रपिंडही बिघडले आहे, असे तिन्ही एकत्र असेल तर डॉक्टर रक्तातली विशिष्ट प्रथिने तपासतात. म्हातारपणी होणारा हाडांच्या मगजाचा एक कर्करोग अशा रूपाने दिसतो. आणि गुडघे दुखतात म्हणून न मोजता 'ड' जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडू शकते.

तिसरा प्रश्न : वाट अडली आहे का?

उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीची वाट दाबली जाते. इथे मोठा गोंधळ होतो. घरचे सांगतात, "लघवी होते की, थेंब थेंब सारखी होते, धोतर ओलं असतं." पण ते भरून वाहणारे भांडे असते. मूत्राशय बेंबीपर्यंत तटतटलेले असते आणि वरून फक्त सांडते. ओटीपोटावर हात ठेवला तर फुगवटा लागतो. नळी घातली की लिटरभर लघवी निघते आणि बऱ्याच जणांची मूत्रपिंडे पुढच्या काही दिवसांत सुधारू लागतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि बद्धकोष्ठानेही आधीच अरुंद झालेली वाट एकदम बंद होते.

बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वाढून मूत्रपिंडातून येणाऱ्या नळ्या दाबल्या जाऊ शकतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे किंवा अंगावरून घाण वास येणारे पाणी जाणे, या गोष्टी म्हातारी बाई मुलाला सांगणार नाही. लेकीने किंवा सुनेने विचारावे. अडथळा शोधायला साधी सोनोग्राफी पुरेशी ठरते. तीत मूत्रपिंडांचा आकारही दिसतो. ती लहान, आक्रसलेली असतील तर आजार बहुधा जुना, आकाराने ठीक असतील तर बहुधा नवा. मधुमेहात मात्र जुन्या आजारातही आकार ठीक दिसू शकतो.

गोळ्यांची पिशवी

आता सर्वांत महत्त्वाचे. वृद्धांच्या मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या कारणांत औषधे नेहमी तपासावी लागतात. त्यांत पहिली येते मेडिकलमधून चिठ्ठीवाचून आणलेली अंगदुखीची गोळी : डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड. मूत्रपिंडात रक्त नेणारी धमनी उघडी ठेवण्याचे काम शरीरातला एक रासायनिक पदार्थ करतो. ही गोळी दुखणे थांबवताना तो पदार्थही थांबवते. धडधाकट तरुणाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण म्हाताऱ्या, कोरड्या पडलेल्या शरीरात त्याच धमनीवर सगळी मदार असते.

भारतातली गिधाडे कशी नाहीशी झाली ते ठाऊक आहे का? दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचत. ती गुरे मेल्यावर गिधाडे त्यांचे मांस खात आणि मूत्रपिंडे बंद पडून मरत. शास्त्रज्ञांनी हे कारण २००४ साली जाहीर केले आणि २००६ साली भारतात गुरांसाठी हे औषध बंद झाले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, माणसाला हे औषध चालते. पण ते पेपरमिंटसारखे रोज चघळण्याचे औषध नाही.

समजा, सत्तर वर्षांच्या आजी आहेत. त्यांना रक्तदाबाची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू आहे. सोबत पाणी काढणारी गोळी आहे. गुडघे दुखतात म्हणून त्या नातवाकडून डायक्लोफेनॅक मागवतात. या तीन गोळ्या रोज एकत्र पोटात जातात. पाणी काढणाऱ्या गोळीने रक्तातले पाणी कमी होते, अंगदुखीच्या गोळीने मूत्रपिंडात येणारी वाट आखडते आणि रक्तदाबाच्या त्या गोळीने बाहेर जाणारी वाट सैल होते. त्यामुळे गाळण्यासाठी लागणारा दाबच उरत नाही. एरवी रेटून नेलेले हे शरीर दोन दिवसांच्या जुलाबांनी कोलमडते. आजी बरळू लागतात, दिवसा झोपतात, रात्री जागतात. घरच्यांना वाटते, वयाने बुद्धी फिरली, किंवा बाहेरची बाधा झाली. बाधा वगैरे काही नसते. रक्तात साचलेला कचरा मेंदूवर चढलेला असतो. अंगारे-धुपाऱ्यांत गेलेले दोन दिवस आजींच्या जिवावर बेततात.

यात एक कारण नाही, चार आहेत : जुलाब आणि तीन गोळ्या. उतारवयात असेच पुष्कळदा घडते. म्हणून एक कारण सापडले तरी डॉक्टर पुढे विचारत राहतात. त्यांच्या प्रश्नांना कंटाळू नका.

इतरही औषधे ध्यानात ठेवा. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीत टोचले जाणारे रंगद्रव्य, ज्याला दवाखान्यात 'डाय' म्हणतात. आणि बाजारातल्या त्या पुड्या, ज्यांवर आत काय आहे हेच लिहिलेले नसते. यांतली काही औषधे जीव वाचवण्यासाठी द्यावीच लागतात. तेव्हा घाबरून नकार न देता, "आधी क्रिएटिनिन पाहिले का?" एवढे विचारावे.

औषधातून कारण कसे निघते याचे एक दुःखद उदाहरण मुंबईचेच आहे. १९८६ च्या सुरुवातीस जे. जे. रुग्णालयात वेगवेगळ्या आजारांसाठी दाखल झालेल्या रुग्णांची मूत्रपिंडे बंद पडू लागली. १४ रुग्ण दगावले. सर्वांत समान काय, तर त्यांना दिलेले ग्लिसरीन. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. 'काय दिले होते?' हा प्रश्न केवढा मोलाचा आहे, हे त्यावरून कळते.

दवाखान्यात जाताना

एका पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्या भरा. रक्तदाबाच्या, साखरेच्या, दुखण्याच्या, काढे, पुड्या, मलम, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. जुने रिपोर्ट घ्या. आणि एका कागदावर एवढे लिहा :

१) शेवटची भरपूर लघवी कधी झाली आणि तिचा रंग कसा होता.
२) जुलाब, उलट्या किती वेळा आणि किती दिवस.
३) ताप कधीपासून, साचलेल्या पाण्यातून चालणे झाले का.
४) पडले होते का, किती वेळ.
५) गेल्या महिन्यात कोणते इंजेक्शन, सलाईन किंवा डाय दिले.
६) पाय सुजणे, दम लागणे, थेंब थेंब लघवी, ओटीपोटात दुखणे.

जुलाब-उलट्या सुरू होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून घोट-घोट पाजा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर किती पाजावे ते डॉक्टरांना विचारा. अंगदुखीची गोळी लगेच थांबवा. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल चालते. रक्तदाबाची, पाणी काढणारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी त्या दिवसांपुरती बंद ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारून घ्या. आपल्या मनाने कायमची बंद करू नका. लघवी थांबलेली असताना नारळपाणी पाजू नका, त्यात पोटॅशियम भरपूर असते. बारा तास लघवी नाही, दम लागतो, बरळणे किंवा ग्लानी आहे, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या.

डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे

डायलिसिसच्या यंत्राने वाचलेले पहिले माणूस कोण? हॉलंडच्या कांपेन गावातली ६७ वर्षांची एक बाई. साल १९४५. तिची मूत्रपिंडे अचानक बंद पडली होती. डॉक्टर विलेम कोल्फ यांनी त्याआधी उपचार केलेले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले होते. ही बाई शुद्धीवर आली, तिची स्वतःची मूत्रपिंडे पुन्हा चालू झाली आणि ती पुढे काही वर्षे जगली. यंत्राने तिची मूत्रपिंडे दुरुस्त केली नाहीत. ती दुरुस्त होईपर्यंत तिला जगवले. अचानक झालेल्या इजेत डायलिसिसचा हा अर्थ असतो. कित्येकांना ते काही दिवसच लागते, कित्येकांना लागतच नाही. सगळेच वाचतात असे मात्र नाही. इतर आजार किती आहेत आणि उशीर किती झाला, यावर बरेच अवलंबून असते.

खर्चाची काळजी खरी आहे. पण माणूस घरी नेण्याआधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडाच्या आजारांचे उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयांतल्या डायलिसिससाठी केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड आधी काढून ठेवा, आजारपणात धावपळ नको. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार दाखवा.

माणूस बरा होऊन घरी आला तरी काम संपत नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासा. एकदा इजा झालेले मूत्रपिंड पुढे लवकर दुखावते. म्हणून गोळ्यांच्या डब्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहा : 'किडनीला इजा झाली होती, अंगदुखीची गोळी देऊ नये.' घरातल्या शाळकरी पोरालाही ते वाचून दाखवा. आजीला मेडिकलमधून गोळी आणून देणारा बहुधा तोच असतो.